वडीलधाऱ्यांचे आजारपण आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी आपल्या वर्धापनदिनी कुणीतरी शिकल्यासवरलेल्या बाई येतात आणि आपल्याला चार उपयोगाच्या गोष्टी सांगतात. या वर्षी चिटणीसबाईंनी ते काम माझ्यावर सोपविले. मी त्यांना म्हटले, "अहो, मी सातवी पास झालेली बाई. माझे बोलणे कोण ऐकणार?" त्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंच्या दुखण्यात तुम्ही काय पाहिलेत आणि कुठे चुकलात, तेवढेच सांगा. आमच्या बहुतेकींच्या घरात एक म्हातारे माणूस आहे." म्हणून मी उभी राहिले आहे. शब्द वेडेवाकडे आले तर गोड करून घ्या.

भगिनींनो, आजारी माणसाची सेवा आपल्याला नवी नाही. काढा करावा, अंग पुसावे, पेज भरवावी, रात्र जागून काढावी, हे सारे आपल्याला आपापल्या आयांनी शिकविले. पण म्हाताऱ्या माणसावर मोठे संकट आले, म्हणजे हाड मोडले, ऑपरेशन झाले, जोडीदार गेला किंवा राहते घर सुटले, की शरीराबरोबर त्याचे मनही पडते. त्या पडलेल्या मनाला कसे उठवावे, हे मात्र मला कुणी शिकविले नव्हते. ते मी चुका करून शिकले. त्या चुकाच आज तुम्हांला सांगते.

२०२२ सालचा भाद्रपद होता. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्या. त्यांनी जन्मभर विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पाने. दिवसाला हजार विड्या वळून त्यांनी चार लेकरे वाढविली. हाताला विसावा कसा तो ठाऊक नाही. अशी बाई एका पहाटे मोरीत पाय घसरून पडली आणि खुब्याचे हाड मोडले. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झाले. ते चांगले झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले आणि आम्ही देवापुढे साखर ठेवली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळ झाली तशी त्यांची नजर फिरली. मला ओळखेनात. सलाईनची सुई उपटू लागल्या. भिंतीवर माणसे बसली आहेत म्हणाल्या. चादरीवर त्यांची बोटे सारखी चालत होती. मी नीट पाहिले तर त्या विड्या वळत होत्या! हातात पान नाही, दोरा नाही, पण बोटे चाललेली. मधेच कानडीत काही पुटपुटत. त्यांचे माहेर अक्कलकोटच्या पलीकडचे, लहानपणची बोली कानडी. पण लग्नानंतर पन्नास वर्षांवर त्या आमच्या घरात मराठीच बोलल्या. मला कानडी चार शब्दांपलीकडे येत नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाई म्हणाल्या, "वात झालाय." माझ्या अंगाला कापरे सुटले. मी यजमानांना फोन लावला आणि आत्यांच्या उशाशी उभी राहूनच ओरडले, "लवकर या, आत्यांना वेड लागलंय!"

भगिनींनो, माझे हे वाक्य आत्यांनी ऐकले होते. ते मला पुढे दोन महिन्यांनी कळले.

सुई उपटू नये म्हणून त्यांचे हात पट्टीने खाटेला बांधले गेले. मला विचारले होते, आणि मीच "बांधा" म्हटले. बांधल्यावर त्या जास्तच तडफडू लागल्या. एवढ्यात रात्रपाळीच्या सिस्टर आल्या. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. प्रथम खाटेभोवती जमलेल्या आमच्या माणसांना बाहेर पाठविले आणि एकटीला मला ठेवले. मग आत्यांच्या अगदी समोर येऊन, त्यांचा हात हातात घेऊन त्या ऐकत राहिल्या. त्यांना कानडी येत होते. त्यांनी हाताच्या पट्ट्या सोडल्या आणि मला विचारले, "दुपारी लघवीची नळी काढली, त्यानंतर यांना लघवी झाली का?"

मला सांगता येईना. मी ते पाहिलेच नव्हते.

सिस्टर म्हणाल्या, "त्या आपल्या आईला सांगताहेत, की लघवी तुंबलीय, पण इथं पुरुषमाणसं उभी आहेत." लगेच पडदा ओढला, डॉक्टरांना बोलावले, लघवी मोकळी केली. अर्ध्या तासात आत्यांची तडफड निम्म्यावर आली. मी मात्र कोपऱ्यात तोंडाला पदर लावून रडत होते. माणूस आपली अडचण सांगत होते, आणि आम्ही त्याला वेडे ठरवून बांधून टाकले होते.

दुसऱ्या दिवशी त्या सिस्टरांनी मला सगळे समजावून सांगितले. आपल्या म्हाताऱ्या बायका ज्याला वात म्हणतात, त्याला डॉक्टर लोक डिलिरियम म्हणतात. हे वेड नव्हे, आणि हळूहळू येणारा स्मृतिभ्रंशही नव्हे. स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षे वाढत जातो. वात तासा-दोन तासांत किंवा एक-दोन दिवसांत चढतो, दिवसा उतरतो, संध्याकाळी पुन्हा वाढतो. त्याच्या मागे काहीतरी कारण असते. लघवी तुंबणे, लघवीत किंवा छातीत जंतूंचा संसर्ग, अंगातले पाणी कमी होणे, रक्तातले मीठ उतरणे, चार दिवस शौचाला न होणे, न सांगितलेली वेदना, एखादे नवे औषध, झोपेची गोळी, अशी कितीतरी कारणे. कारण सापडून त्यावर उपाय झाला, की बहुतेकांचा भ्रम काही दिवसांत ओसरतो. काहींना आठवडे लागतात. म्हणून म्हातारे माणूस एकाएकी बरळू लागले, तर "वय झाले" म्हणून सोडून न देता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. आणि आपल्या मनाने झोपेची गोळी तर मुळीच देऊ नये. पुष्कळदा तिनेच भ्रम वाढतो.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी कधी ऐकली नव्हती. वात झालेला प्रत्येक माणूस ओरडतोच असे नाही. कित्येक म्हातारी माणसे उलट गप्प होतात, दिवसभर पेंगतात, घास तोंडात तसाच धरून ठेवतात. घरची माणसे म्हणतात, "किती शांत झोपलेत!" पण तोही वातच असतो, आणि त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही म्हणून तो अधिक वाईट.

मग सिस्टरांनी मला कामे नेमून दिली. ती साधी आहेत, पैशाची नाहीत. आत्यांचा चष्मा आम्ही "फुटेल" म्हणून घरी नेऊन ठेवला होता, तो परत आणविला. त्यांची कवळीही आणविली. कानाचे यंत्र असेल त्याने तेही लावावे. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याला अनोळखी खोलीत भुते दिसली तर नवल काय? समोर मोठ्या आकड्यांचे घड्याळ आणि कालनिर्णय ठेवले. दिवसा खिडकी उघडी, रात्री दिवा मंद. येणारी माणसे पाच-सहा नकोत. एक किंवा दोन, आणि शक्यतो रोज तीच. प्रत्येक वेळी जवळ जाताना समोरून जावे आणि सांगावे, "आत्या, मी तुमची सून. आपण दवाखान्यात आहोत. तुमच्या पायाचं ऑपरेशन झालंय. आज गुरुवार, सकाळ आहे." त्या "भिंतीवर माणसे आहेत" म्हणाल्या, तर "कुठे आहेत? काहीतरीच काय!" असे भांडू नये, "मला दिसत नाहीत, पण तुम्हांला भीती वाटतेय ना? मी इथंच बसलेय," असे म्हणावे. खरे-खोटे करून भीती जात नाही, सोबतीने जाते. घोटघोट पाणी पाजावे. डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून उठवून बसवावे, चालवावे. पडून राहण्याने भ्रम वाढतो.

आपल्या सोलापुरात तर एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडे घरोघरी मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू मिसळलेली. संकटात म्हातारे माणूस पुष्कळदा लहानपणच्या भाषेकडे परत जाते. तेव्हा ती भाषा कळणारे एखादे माणूस खाटेजवळ बसवावे. आम्ही पुढचे दोन दिवस आत्यांच्या धाकट्या बहिणीला बसविले. दोघी कानडीत काय बोलत होत्या देव जाणे, पण चादरीवरची बोटे थांबली.

पाचव्या-सहाव्या दिवशी आत्या भानावर आल्या. मला वाटले, संकट टळले. पण खरे संकट तर घरी आल्यावर सुरू झाले.

आम्ही त्यांच्यासाठी खूप केले. म्हणजे आम्हांला तसे वाटत होते. त्यांची खाट आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत आणली. त्यांची लोखंडी ट्रंक अडगळ नको म्हणून माळ्यावर टाकली, आणि तिची किल्ली त्यांच्या कमरेची होती ती माझ्या कपाटात ठेवली. काय खायचे, कधी झोपायचे, कुणाला भेटायचे, सारे आम्ही ठरवू लागलो. दाराशी उभे राहून नणंदांशी कुजबुजू लागलो. कुजबूज त्यांच्याविषयीच असे.

आत्यांनी हळूहळू जेवण टाकले. आधी भाकरी टाकली, मग भात टाकला. हुलग्याचे माडगे त्यांच्या आवडीचे. ते केले तर दोन घोट घेऊन वाटी सरकविली. दिवसभर भिंतीकडे तोंड. एक दिवस म्हणाल्या, "देवा, आता उचल. किती दिवस ओझं व्हायचं?" मी म्हणाले, "असं अभद्र बोलू नये आत्या. सगळं छान होईल." आणि स्वयंपाकघरात निघून आले. मला वाटले, मी धीर दिला. खरे तर मी त्यांचे तोंड बंद केले होते.

पुढे तपासणीसाठी दवाखान्यात गेलो तेव्हा त्याच सिस्टर भेटल्या. मी सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "तुम्ही त्यांना दिवसभरात काय काय विचारता?" मी म्हटले, "जेवलात का, गोळी घेतली का, शौचाला झाली का." त्या हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे पोटाचीच चौकशी. त्या बाईंना काही विचारता की नाही?"

त्यांनी मला फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची गोष्ट सांगितली. आपण त्यांना युद्धातल्या जखमी शिपायांची सेवा करणाऱ्या बाई म्हणून ओळखतो. त्यांचा जन्मदिवस १२ मे, तोच परिचारिका दिन. त्यांनी १८५९ साली रुग्णसेवेवर एक लहान पुस्तक लिहिले. ते दवाखान्यातल्या नर्सबाईंसाठीच नव्हे, तर घरी आजारी माणसाची काळजी घेणाऱ्या आपल्यासारख्या बायांसाठी लिहिलेले होते. त्यात त्यांनी हवा, उजेड, स्वच्छता यांबरोबर हेही लिहून ठेवले, की रोग्याच्या दाराशी कुजबुजू नये, त्याला काय होणार याविषयी अधांतरी ठेवू नये, आणि "लवकर बरे व्हाल" अशी पोकळ आशा दाखवू नये. त्याने रोगी श्रमापेक्षाही अधिक थकतो. एवढ्या जुन्या काळी, साता समुद्रांपलीकडच्या एका बाईने माझ्या घरातल्या तीन चुका लिहून ठेवल्या होत्या!

त्या रात्री जेवणे उरकल्यावर मी आत्यांच्या खाटेवर बसले. दिवा मंद केला. विचारले, "आत्या, तुम्हांला कशाची भीती वाटते?" त्या बराच वेळ गप्प. मीही गप्प राहिले. सिस्टरांनी सांगितले होते, की विचारल्यावर उत्तराची वाट पाहायची, मधे आपण बोलायचे नाही. मग त्या म्हणाल्या, "मोरीत पुन्हा पडेन याची. आणि तुम्ही मला कुठंतरी नेऊन सोडाल याची. वेड लागलंय म्हणालीस ना तू? ट्रंकसुद्धा उचललीत माझी."

भगिनींनो, त्या क्षणी मला धरणीने पोटात घ्यावे असे झाले. मी त्यांच्या पायांवर डोके ठेवले. म्हटले, "आत्या, ती माझी चूक. मला कळत नव्हतं. तुम्हांला वेड लागलं नव्हतं, आजारानं वात झाला होता." त्यांनी काही उत्तर दिले नाही. पण माझ्या डोक्यावरचा त्यांचा हात बराच वेळ तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी ट्रंक खाली आली, किल्ली कमरेला गेली. खाट कुठे हवी ते त्यांनीच सांगितले. मोरीत धरायला लोखंडी दांडी बसविली, गुळगुळीत फरशीवर खरखरीत पट्ट्या लावल्या, रात्रीचा लहान दिवा लावला. म्हणजे भीतीचे नाव कळले तसा उपाय सुचला. नाव कळण्यापूर्वी मी नुसताच "घाबरू नका" म्हणत होते.

मग हातांचा प्रश्न. ज्या हातांनी जन्मभर काम केले ते रिकामे ठेवले, तर मन खायला उठते. मी त्यांच्यापुढे लसूण सोलायला ठेवला, शेंगा निवडायला ठेवल्या. शेंगाचटणी कुटताना मीठ-तिखट त्यांनाच विचारू लागले. पहिल्या दिवशी "कर तुझ्या मनानं" म्हणाल्या. चौथ्या दिवशी "मीठ जास्त झालंय" म्हणाल्या. ते ऐकून मला जो आनंद झाला तो काय सांगू! जेवणावर वासना येऊ लागली.

सिस्टरांनी आणखी विचारायला सांगितले होते, की पाय बरा झाला तर काय करावेसे वाटते. आत्या म्हणाल्या, "गड्ड्याला नंदीध्वज बघायचेत." संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, ते त्यांनी बहुतेक दरवर्षी पाहिलेले. मग रोजचा व्यायाम "डॉक्टरांनी सांगितला म्हणून" न राहता नंदीध्वजांसाठी सुरू झाला. आज खाटेपासून दारापर्यंत, उद्या दारापासून ओट्यापर्यंत.

ही भीती मी पूर्वी एकदा पाहिली होती. पण तेव्हा मी लहान होते, मला ती ओळखता आली नाही. माझे माहेर उमरगा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसे झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सरकारी मोजणीप्रमाणे सुमारे ८ हजार माणसे गेली. मी त्या वर्षी सातवीत होते. वर्ष कसेबसे पुरे केले आणि शाळा सुटली ती सुटलीच.

जखमी माणसे सोलापूरच्या दवाखान्यांतही आणली गेली. त्यांत माझी आजी होती. तिचा हात मोडला होता. मी तिच्या उशाशी बसे. ती एकच विचारी, "म्हशीला कुणी सोडलं का?" म्हैस आणि गोठा सारे गाडले गेले होते. मोठी माणसे सांगत, "सोडलं, तू झोप." ती पुन्हा विचारी. आज मला कळते, की ती म्हशीविषयी विचारत नव्हती. आपले घर राहिले का, आपली माणसे कोण उरली, हे विचारायचे धैर्य तिला होत नव्हते. आणि आम्ही सगळे तिला फसवीत होतो. महिन्याने गावी नेल्यावर तिला एकदमच सारे दिसले.

पुढे ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. घरे पक्की मिळाली, रस्ते सरळ आखले गेले. पण जुन्या गावात आजीच्या दारासमोर तिच्या मैत्रिणीचे दार होते; नव्या गावात ती मैत्रीण चार रांगा पलीकडे गेली. आजीला सगळी घरे सारखी दिसत. ती वाट चुके, म्हणून आम्ही तिला बाहेर सोडीनासे झालो. हात बरा झाला, पण आजी पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. तिला त्या मैत्रिणीच्या दारापर्यंत रोज नेऊन बसविले असते, तर? हे कुणाला सुचले नाही. घरातल्या प्रत्येकाचे काहीतरी गेले होते. तेव्हा आम्ही तिला भाकरी दिली, छप्पर दिले, पण विचारले काही नाही.

२०२० सालचा करोना तर आपण सर्वांनी पाहिला. त्या वेळी म्हाताऱ्या माणसांवर आणखीच निराळे संकट आले. जवळचे माणूस जवळ जाऊ शकेना. नर्सबाईंच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, तोंडावर मास्क. ज्याला कमी ऐकू येते तो समोरच्याचे ओठ पाहून समजून घेतो; त्याला ओठही दिसेनात. अशा वेळी अनेक ठिकाणच्या नर्सबाईंनी पोशाखावर आपले नाव मोठ्या अक्षरांत लिहिले आणि आपल्या हातात फोन धरून घरच्यांचे तोंड दाखविले. माणसाला कळावे, की मी कुणाच्या हातात आहे. औषध ते औषध, पण ही खूण म्हणजेही औषधच.

आता काही धोक्याच्या खुणा सांगते, त्या मनात ठेवा. वडीलधारे माणूस दोन आठवड्यांवर उदास आहे, अन्नावरून उठले आहे, रात्रभर जागते आहे, देवळात जाणे, शेजारी बसणे सोडले आहे, तर ते केवळ वय नव्हे. मनाचे दुखणे असू शकते आणि त्याला डॉक्टरांकडे उपाय आहे. "मला जगायचं नाही" असे म्हणत असेल, तर ते नाटक समजू नका. सरळ विचारा, "जीवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट मन मोकळे होते. मग त्या माणसाला एकटे सोडू नका, गोळ्या आणि कीटकनाशक दूर ठेवा, डॉक्टरांकडे न्या. मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेलिमानस म्हणून १४४१६ हा फोन आहे, आणि ज्येष्ठांच्या कुठल्याही अडचणीसाठी १४५६७. दोन्ही नंबर कालनिर्णयावर लिहून ठेवा. पोटची मुले सांभाळीत नसतील, तर २००७ च्या कायद्याने आईवडिलांना पोटगी मागता येते, हेही शेजारच्या एखाद्या आजींना सांगून ठेवा.

अंथरुणाला खिळलेले माणूस असेल, तर दर दोन तासांनी कूस बदलावी, पाठ, माकडहाड आणि टाचा रोज पाहाव्यात. भरविताना उठवून बसवावे आणि नंतर अर्धा तास बसूच द्यावे, म्हणजे ठसका लागून अन्न छातीत जात नाही. हे करताना प्रत्येक वेळी आधी सांगावे, "आता कूस बदलते हं." लाकडाचा ओंडका उलटवावा तसे न बोलता उलटवू नये. आणि पांघरूण काढण्याआधी दार लोटावे. म्हाताऱ्या माणसाचीही लाज असते. आत्यांची लघवी त्या लाजेपायीच अडली, हे मी जन्मात विसरणार नाही.

शेवटी एक गोष्ट सांगते. ती सांगायला मला संकोच वाटतो. या सगळ्यात सेवा करणारीचेही मन पडते. आत्यांच्या दुखण्यात एका रात्री त्यांनी तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले. म्हणाले, "मला झोपू द्या की जरा!" त्या नंतर सकाळपर्यंत हाक न मारता ओल्यात पडून राहिल्या. माझ्या मनात द्वेष नव्हता. मी दीड महिना सलग चार तास झोपले नव्हते, एवढेच. पण आपण बायका हे कुणाला सांगत नाही. सांगितले तर लोक म्हणतील, सासूची सेवा जड झाली.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. आपण हळदीकुंकवाला, भिशीला, भजनाला वेळ काढतोच. ज्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, तिथे आपल्यापैकी एकेकीने आठवड्यातून दोन तास जाऊन बसावे. पाळी लावू. जाणारीने म्हाताऱ्या माणसाशी बोलावे, त्याचे ऐकावे. आणि घरच्या बाईने त्या दोन तासांत झोपावे, न्हावे, देवळात जावे. ज्यांना कानडी-तेलुगू येते त्यांनी तसे नाव देऊन ठेवावे. यासाठी वर्गणी नको, सभागृह नको. मी माझे नाव पहिले देते. मंगळवार आणि शुक्रवार दुपारी मी मोकळी आहे.

आत्यांचे पुढे काय झाले ते ऐकायची तुमची इच्छा असेल. २०२३ च्या जानेवारीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकली. वॉकर धरून त्या तिथपर्यंत चालत आल्या. वाटेत तीनदा थांबल्या, पण चालत आल्या. नंदीध्वज दिसले तेव्हा उठून उभ्या राहिल्या आणि हात जोडले. त्या अजूनही वॉकरवरच चालतात. संध्याकाळी कधी कधी घाबरतात. पहिल्यासारखे सारे झाले, असे मी म्हणणार नाही. पण आज मी इकडे निघताना त्यांनी विचारले, "काय बोलणार आहेस गं?" मी म्हटले, "तुमचंच सांगणार आहे. सांगू ना?" त्या म्हणाल्या, "सांग की. वेड लागलंय म्हणाली होतीस, तेपण सांग."

त्यांनी परवानगी दिली म्हणून सांगितले. आज घरी गेल्यावर आपापल्या वडीलधाऱ्यांजवळ घटकाभर बसा आणि जेवणाखाणाखेरीज काहीतरी एक विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा.